पुळणीवरून सड्यावर: एका जाहीर आकाशदर्शनाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण शनिवार, २५ जानेवारी २०२५ च्या रात्रीचं आहे. जागा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनारी गावाची. गावाचं आणि आयोजक मंडळाचं नाव इथे दिलेलं नाही.

मंडळ हौशी निरीक्षकांचं, हात नऊ. साहित्यात २०० मिमी आणि १५० मिमी आरशाच्या दोन डॉब्सोनियन, म्हणजे फिरत्या पाटावर बसवलेल्या आणि हाताने वळवायच्या दुर्बिणी (दोन्हींचं नाभीय अंतर १२०० मिमी), ९० मिमीची भिंगाची एक दुर्बीण आणि तिपाईवर बसणाऱ्या १०×५० च्या दोन द्विनेत्री. आधीचे कार्यक्रम शाळांतले, चाळीस ते साठ मुलांचे. ते सुरळीत पार पडत, कारण शाळेत मुलं ओळीत उभी राहतात आणि गुरुजी सोबत असतात.

त्या जानेवारीत संध्याकाळचं आकाश खरोखरच भरलेलं होतं. पश्चिमेला शुक्र आणि त्याच्या खाली शनि, डोक्यावर रोहिणीशेजारी गुरू, पूर्वेला पुनर्वसूजवळ मंगळ. मंगळाची प्रतियुती (आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येणं) १६ जानेवारीलाच झाली होती, त्यामुळे तो चांगलाच तांबूस आणि ठळक होता. बातम्यांनी या सगळ्याला ‘ग्रहांची परेड’ म्हटलं आणि नुसत्या डोळ्यांनी सहसा न दिसणारे युरेनस-नेपच्यून मोजून ‘सहा ग्रह एका रेषेत’ असंही छापलं. ग्रह नेहमीच आयनिकवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेच्या आसपास दिसतात, तेव्हा रेषेत नवल काही नव्हतं. चार तेजस्वी ग्रह एकाच संध्याकाळी दिसतात, एवढंच सांगितलं असतं तरी पुरे होतं.

ग्रामपंचायतीने पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर कार्यक्रम घेण्याचं सुचवलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिनाचा रविवार असल्यामुळे गावात पर्यटक असणार होते. चंद्र पहाटे चारनंतर उगवणार म्हणजे रात्र काळोखी. मंडळाने होकार दिला, १२० नावांची मर्यादा ठेवून नोंदणी उघडली आणि एक संदेश सोडला. त्या संदेशात जागा होती, वेळ होती, ‘सर्वांचे स्वागत’ होतं. फक्त नोंदणी लागेल हे वाक्य नव्हतं. पुढच्या निम्म्या अडचणी या एका गाळलेल्या वाक्यातून आल्या.

अडचण कशी लक्षात आली

कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी, बुधवारी संध्याकाळी, चार जण पुळणीवर जाऊन उभे राहिले. रात्रीची जागा रात्रीच पाहावी हा नियम मंडळाचा जुना आहे, पण शाळांच्या मैदानांवर त्याची फारशी गरज पडली नव्हती. इथे अर्ध्या तासात यादी तयार झाली.

पहिली गोष्ट भरतीची. होड्या ओढून ठेवणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांनी तारीख विचारली, बोटांवर तिथी मोजली आणि म्हणाले, “शनवारी एकादस. सव्वाआठची भरती. तुम्ही ऐन पाण्यात दुर्बिणी लावणार काय?” किनाऱ्यावरचा हा हिशोब जुना आणि पक्का आहे: पक्षातल्या तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. एकादशीला अकरा त्रिक तेहेतीस, भागिले चार, सव्वाआठ. ठिकाणानुसार अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, म्हणून नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी. पण ठोकताळा म्हणून हे सूत्र आकाशदर्शन करणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावं, कारण त्यात एक गोम दडलेली आहे. आपल्याला काळोख हवा म्हणून आपण अमावास्येच्या आसपासची रात्र धरतो. अमावास्येला हेच सूत्र सव्वाअकरा देतं, आणि ती भरती उधाणाची असते. शिवाय आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी. म्हणजे आकाश जेवढं चांगलं, तेवढी पुळण अरुंद. चंद्र नसलेली रात्र निवडताना त्याच चंद्राने ओढलेलं पाणीही निवडलं जातं.

२५ तारखेला उधाण नव्हतं. अष्टमीची भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढउताराची भरती, नुकतीच सरली होती. तरी सुरूच्या बनापासून पाण्याच्या रेषेपर्यंत जी कोरडी वाळू उरणार होती, ती पावलांनी मोजली तर जेमतेम पंधरा-सोळा मीटर भरली. तेवढ्यात पाच तिपाया, रांगा आणि अंधारात धावणारी मुलं.

दुसरी गोष्ट उजेडाची. सुट्टीच्या शनिवाराची तयारी म्हणून पुळणीलगतच्या दोन निवासांनी पांढरे फोकस समुद्राकडे तोंड करून लावले होते. समुद्रात क्षितिजालगत मासेमारी होड्यांचे प्रखर दिवे दिसत होते. एलईडीच्या उजेडावरच्या मासेमारीला २०१७ पासून बंदी आहे, पण नियम कागदावर असला तरी क्षितिज उजळायचं ते उजळतंच. आणि नेमकं पश्चिम क्षितिजच त्या संध्याकाळी कामाचं होतं.

तिसरी गोष्ट कोणाच्याच डोक्यात नव्हती. सुरूच्या कडेला जाळीचं छोटं कुंपण होतं: ऑलिव्ह रिडले कासवाचं घरटं. कोकणात नोव्हेंबर ते मार्च या काळात माद्या अंडी घालायला रात्री वर येतात. कुंपणातल्या अंड्यांची राखण करता येते, पण येऊ घातलेल्या मादीची नाही. माणसांची वर्दळ आणि उजेड दिसला की ती अंडी न घालताच परत फिरते. पिल्लं तर उजळ क्षितिजाकडे चालतात. समुद्राऐवजी टॉर्चकडे वळतात. गावातल्या कासवमित्राने स्पष्ट सांगितलं की दोनशे माणसं रात्री दहापर्यंत इथे नकोत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत त्याला वाद घालावा लागू नये, आणि मंडळाने घातलाही नाही.

खारा वारा, ओल्या वाळूत खचणाऱ्या तिपाया, डॉब्सोनियनच्या फिरत्या पाटाखाली शिरणारी रेती हे सगळं होतंच. त्यावर प्लायवूडचे फूटभर चौकोन आणि जुनी चादर हे उपाय माहीत आहेत. वरच्या तीन गोष्टींवर मात्र उपाय नव्हता.

रांगेचं गणित

याच बुधवारी नोंदणी १४० वर बंद केली, पण फोन थांबेनात. अंदाज तीनशेचा निघाला. तेव्हा कोणीतरी शाळांमधल्या नोंदी काढल्या. प्रौढ माणूस आयपीसपाशी (दुर्बिणीत डोळा लावायच्या भिंगापाशी) २५ ते ३० सेकंद घेतो. मूल स्टुलावर चढणं-उतरणं धरून ४० ते ४५. त्यात दुर्बीण पुन्हा नेमकी करण्याचा वेळ.

हा शेवटचा भाग बहुतेक आयोजक विसरतात. डॉब्सोनियन स्वतःहून ताऱ्यांमागे फिरत नाही. १२०० मिमी नाभीय अंतराला १० मिमी आयपीस म्हणजे १२० पट, आणि साध्या प्लॉसल आयपीसमध्ये दृश्यक्षेत्र जेमतेम २६ कलांचं (अंशाच्या ६० कला, कलेच्या ६० विकला). आकाश सेकंदाला १५ विकलांनी सरकतं, म्हणजे मध्यभागी आणलेला ग्रह साधारण ५० सेकंदांत कडेला पोचतो. दोन माणसं पाहतात न पाहतात तोच तिसऱ्याला काळंभोर वर्तुळ दिसतं. तो ‘हो, हो, दिसलं’ म्हणून पुढे सरकतो, कारण मागे रांग असते. २५ मिमी आयपीस लावला तर ४८ पट, दृश्यक्षेत्र अंशाहून थोडं जास्त, आणि मध्यापासून कडेपर्यंत दोन मिनिटं. शनि लहान दिसतो, पण दिसतो. जाहीर कार्यक्रमात कमी पट हाच शहाणपणा, आणि ज्याला जास्त पट हवी असेल त्याने रांग ओसरल्यावर यावं.

सगळं धरून माणशी ४५ सेकंद, म्हणजे एका दुर्बिणीतून तासाला ८० माणसं. आता शनि. सूर्यास्त साधारण साडेसहाला. शनि सातला ३२-३३ अंशांवर, साडेआठला फक्त १२ अंशांवर आणि सव्वानऊनंतर मावळलेला. समुद्रावरच्या धुरकट थरात १५ अंशांखाली पाहण्यासारखं काही उरत नाही. म्हणजे हाताशी दीड तास सुद्धा नाही. एका दुर्बिणीतून ११०-१२० माणसं, दोन्ही मोठ्या शनीवर लावल्या तर २३०. तीनशे येणार. बातम्यांनी लोकांच्या मनात पेरलं होतं ते शनीचं कडं.

त्यातही एक कटू भाग होता. २३ मार्च २०२५ ला पृथ्वी शनीच्या कड्यांच्या पातळीतून जाणार होती. त्यामुळे जानेवारीच्या शेवटी कडी जवळजवळ आडवी होती. चित्रातल्या टोपीच्या काठासारखी नव्हे, मण्यातून आरपार गेलेल्या सुईसारखी. लोक येणार ते चित्र मनात घेऊन.

पर्याय

चार पर्यायांवर चर्चा झाली.

पुळणीवरच करायचं, पण सुरूच्या बनाच्या मागच्या बाजूला. भरती आणि कासव दोन्ही सुटतात, पण पश्चिम झाडांनी झाकते. शनि-शुक्र नाहीत तर मग कार्यक्रम कशाचा?

आठवडा पुढे ढकलायचा, १ फेब्रुवारीला. कागदावर हा उत्तम. चतुर्थी म्हणजे भरती रात्री तीनला, त्यामुळे नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी आणि लांबरुंद पुळण. वर शुक्राशेजारी चंद्राची कोर, जी कोणत्याही ग्रहापेक्षा जास्त लोकांना आवडते. पण ती चतुर्थी माघी होती. गणेशजयंतीच्या दिवशी गावात देवळापुढे मांडव, माळा, भोंगे. मंडळातले पाच जण आपापल्या वाडीच्या उत्सवात अडकलेले. आणि कासवाचा प्रश्न होता तिथेच. पंचांग बघून तारीख धरणाऱ्या मंडळाने सणही त्याच पंचांगात असतात हे विसरावं, यात थोडी गंमत आहे.

शाळेचं मैदान. पाणी, शौचालय, भिंत, सगळं तयार. पण मैदान खाचरालगत, दोन्ही बाजूंना माडांची झाडी, आणि पश्चिम क्षितिज २० अंशांपर्यंत बंद. शिवाय रस्त्याचा दिवा फाटकातच. तो एका रात्रीपुरता बंद करून घ्यायला अर्ज करावा लागतो आणि त्याला तीन दिवस पुरत नाहीत.

सडा. गावापासून अडीच किलोमीटर वर, कातळाचं पठार, चारी बाजूंनी उघडं, पश्चिमेला थेट समुद्राची रेघ. उजेड जवळजवळ नाही. अडचणी मात्र नवीन: फुरसं हा विषारी साप, वाळलेलं गवत, खासगी मालकी, शौचालय नाही, पाणी नाही, एसटी नाही.

सड्याची निवड झाली ती नऊपैकी सहांच्या मताने. विरोध करणाऱ्या तिघांचं म्हणणं होतं की तीनशे अनोळखी माणसांना रात्री कातळावर नेणं हे दुर्बिणींचं काम नाही, जत्रेचं आहे. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. कार्यक्रम सुरळीत झाला त्याचं बरंचसं श्रेय त्यांनी काढलेल्या शंकांना द्यावं लागतं.

तयारी

मालकाची परवानगी आधी. सड्याचा तो तुकडा हापूसच्या कलमांच्या बागेला लागून होता आणि जानेवारीत झाडं मोहरलेली असतात. मालकाला भीती चोरीची नव्हती, विडी-सिगारेटची होती. पावसाळ्यात हिरवागार असलेला सडा जानेवारीत काडेपेटीसारखा असतो. त्याच्या अटी तीन: गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आत कोणी नाही, आग नाही, आणि बागेच्या राखणदाराला दुर्बिणीतून आधी दाखवायचं. तिन्ही पाळल्या. पाण्याचे दोन पिंप आणि भिजवलेली गोणपाटं कडेला ठेवली.

वाहनतळ ठरवताना कातळ दिवसा चालून पाहिला. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ मध्ये ती जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली, आणि सगळीच काही कुंपणात नाहीत. मातीच्या पातळ थराखाली कोरलेली रेघ गाडीच्या चाकाला कळत नाही. या तुकड्यावर काही आढळलं नाही, तरी गाड्या आधीच मळलेल्या कच्च्या रस्त्याच्या कडेनेच लावायच्या असं ठरलं, तोंड बाहेरच्या दिशेला करून. तोंड बाहेर असलं की परतताना दिव्यांचा झोत मैदानावर फिरत नाही.

फुरशासाठी बरीच तयारी लागली आणि ती योग्यच होती. फुरसं लहान, दीड-दोन फुटांचं, कातळाच्या रंगाचं, दिवसा दगडाखाली आणि रात्री बाहेर. म्हणजे आपण जिथे आणि जेव्हा जाणार तिथे आणि तेव्हाच. शनिवारी दुपारी चाळीस बाय तीस मीटरचा तुकडा दोन स्थानिक माणसांनी लांब काठीने दगड उलटत पाहिला. गडग्यापासून पाच मीटर दोरी बांधली, कारण गडग्याच्या फटी ही त्याची हक्काची जागा. गडग्याच्या पायथ्याशी एक मिळालंच. सर्पमित्राने ते उचलून दूर सोडलं. ही बातमी संध्याकाळी सगळ्यांना मुद्दाम सांगितली. त्यानंतर दोरी ओलांडायचा प्रयत्न कोणी केला नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष आहे का ते फोन करून विचारून ठेवलं, १०८ च्या गाडीला वर यायचा रस्ता कसा ते लिहून ठेवलं. चावलं तर बांधायचं नाही, कापायचं नाही, हलवायचं कमी, गाडीत घालून थेट रुग्णालय.

इथे एक खरा पेच होता. आकाशदर्शनात पांढरा उजेड निषिद्ध. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका झोताने सगळी मेहनत जाते. पण फुरसं लाल उजेडात कातळापासून वेगळं दिसत नाही. तोडगा असा काढला: गाड्यांपासून मैदानापर्यंतच्या ८० मीटर वाटेवर पांढरा उजेड, पण कमरेखाली आणि जमिनीकडेच; मैदानाच्या तोंडाशी एक माणूस, जो टॉर्च बंद करायला लावतो; आत फक्त तीन पदरी लाल जिलेटिन कागद बांधलेल्या टॉर्च. मैदान दुपारीच तपासलेलं आणि त्यावर ताडपत्र्या अंथरलेल्या. बंद पायताण सक्तीचं. सँडल घालून आलेल्या अकरा जणांना गाडीशेजारूनच द्विनेत्री दिली.

लोकांसाठी दोन तुकड्या केल्या. पहिली पावणेसात ते साडेआठ: शनि, शुक्र, कृत्तिका. दुसरी पावणेनऊ ते साडेदहा: गुरू, मंगळ, मृगातला तेजोमेघ, दक्षिणेला अगस्त्य. मुलांची कुटुंबं पहिल्या तुकडीत. टोकन कागदी, पहिल्या तुकडीचं गुलाबी, दुसऱ्याचं पांढरं. संदेश नव्याने सोडला, त्यात या वेळी चार ओळी ठळक: जागा बदलली आहे, टोकनशिवाय प्रवेश नाही, बूट घाला, शनीचं कडं या वर्षी सुईसारखं दिसेल.

त्या रात्री

माणसं आली २७० च्या आसपास.

सुरुवात शुक्राने केली आणि तो निर्णय चांगला ठरला. पावणेसातला आकाश अजून निळं होतं. अशा वेळी शुक्राची चकाकी कमी होते आणि अर्ध्याहून जराशी कमी उजळलेली आकृती स्वच्छ दिसते. चंद्रासारखी कोर बघून लोक खूष झाले, आणि रांगेत उभं कसं राहायचं, आयपीसला हात न लावता कसं वाकायचं हे उजेड असतानाच शिकले. मुलांच्या स्टुलाशेजारी एक बांबू रोवला होता. चढलेलं मूल काहीतरी धरतंच. बांबू नसला तर दुर्बीण धरतं आणि ग्रह गायब होतो. दोनशे रुपयांच्या स्टुलापेक्षा त्या बांबूने जास्त वेळ वाचवला.

शनीवर दोन्ही डॉब्सोनियन सात वाजता गेल्या. संदेशात लिहूनही कित्येकांनी विचारलं, “कडं कुठाय?” एका स्वयंसेवकाने मोसंब्यात विणकामाची सुई खुपसून आणली होती, रांगेतच तो मोसंबं तिरकं करून मग आडवं करून दाखवायचा. आयपीसपाशी समजावण्याचे पंधरा सेकंद रांगेत खर्च झाले, जिथे ते फुकट होते. त्यानंतर तक्रार जवळजवळ थांबली. साडेआठपर्यंत शनीच्या रांगेत १७२ जणांच्या टोकनावर खूण झाली. २३० चा हिशोब का चुकला? कातळामुळे. दिवसभर तापलेला कातळ संध्याकाळी उष्णता सोडतो आणि प्रतिमा पाण्याखालच्या खड्यासारखी थरथरते. माणूस स्थिर क्षणाची वाट पाहत आयपीसला चिकटून राहतो, आणि ४५ ची ५५-६० सेकंद होतात. गवताचा पट्टा तीस मीटरवर होता. फुरशाच्या भीतीने तो टाळला, ते बरोबरच होतं. पण हिशोबात कातळ धरायला हवा होता.

खरा गोंधळ पावणेनऊला झाला. गुलाबी टोकन आणि पांढरं टोकन लाल उजेडात एकसारखेच दिसतात. दोन्ही पांढरी. खुणेची फुलीही लाल पेनाने केलेली, ती तर पूर्ण नाहीशी. दाराशी उभ्या स्वयंसेवकाला कोण कुठल्या तुकडीचं हे कळेना, पहिली तुकडी हलेना, आणि दुसरी आत आली. पाऊण तास मैदानावर अडीचशे माणसं होती. धक्काबुक्की झाली नाही एवढंच. शेवटी हिरवा लेसर हातात असलेल्या सूत्रधाराने सगळ्यांना ताडपत्रीवर बसवलं आणि तासभर नुसत्या डोळ्यांचं आकाश दाखवलं: मृग, व्याध, रोहिणी, पुनर्वसू, उत्तरेला जेमतेम १७ अंशांवरचा ध्रुव, दक्षिणेला अगस्त्य. बसलेली गर्दी रांगेत घुसत नाही. लेसर एकच, ५ मिलिवॉटचा, एकाच हातात. विमान दिसलं की बंद.

त्याच वेळी गुरूने अडचण केली. नऊच्या सुमारास तो मध्यमंडळावर, ८५ अंशांवर, म्हणजे अगदी डोक्यावर. डॉब्सोनियनला खमध्याजवळची वस्तू नको असते: वरखाली हलवायचं काम संपतं आणि आडवी फिरकी बरीच द्यावी लागते, त्यामुळे दर वेळी नेमकं करताना दुर्बीण हिसके खाते. साडेआठ ते साडेनऊ हा तास गुरूसाठी सगळ्यात वाईट होता, आणि वेळापत्रकात नेमका तोच धरला होता. पावणेदहाला गुरू पश्चिमेकडे कलल्यावर दोन्ही दुर्बिणी पुन्हा सुरळीत चालल्या; चारही उपग्रह आणि दोन पट्टे.

नऊ-चाळीसला दव. समुद्राकडून येणारा खारा वारा पडला, मतलई वारा सुरू झाला, धुरकटपणा गेला आणि आकाश एकदम खोल झालं. त्याच निवांत हवेत काचा भिजल्या. सगळ्यात आधी फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण), मग आयपीस, मग २०० मिमीचा दुय्यम आरसा. मुख्य आरसा नळीच्या तळाशी असतो, त्याला सहसा काही होत नाही. एका स्वयंसेवकाने रुमालाने फाइंडर पुसला. किनारी हवेत काचेवर मिठाचा सूक्ष्म थर असतो आणि तो कोरड्या कापडाने ओरखडे काढतो. दुसऱ्या दुर्बिणीला फोमच्या चटईची नळी गुंडाळली होती, आरशाच्या दीडपट लांब. ती साडेदहापर्यंत कोरडी राहिली. आयपीस खिशात उबदार ठेवून आळीपाळीने लावले तर काम चालतं. चटईची नळी २०० मिमीच्या दुर्बिणीलाही का नव्हती याचं उत्तर असं की ती घरी राहिली.

साडेदहाला ४०-५० माणसं उरली होती. मृगातला तेजोमेघ तेव्हा ६५ अंशांवर, कातळ निवलेला, आणि माणशी दोन-दोन मिनिटं. संपूर्ण कार्यक्रमातला हा भाग लोकांना सगळ्यात जास्त आवडला, असं परत जाताना बऱ्याच जणांनी सांगितलं. बूट घालून आलेल्या एका आजींनी अगस्त्य दोनदा पाहिला आणि पावसाळ्यानंतर तो परत कधी उगवतो ते नातवाला समजावलं. त्या वेळी दुर्बिणीपाशी कोणीही नव्हतं.

मागे वळून पाहता

पुळण सोडण्याचा निर्णय मंडळातल्या सगळ्यांना आज बरोबर वाटतो, विरोध केलेल्या तिघांनाही. त्या रात्री कुंपणातल्या घरट्याजवळ कोणीच नव्हतं.

बाकीचं बरंच बदलता आलं असतं. तुकड्यांची कल्पना ठीक, पण शनि फक्त पहिलीला हा घाट चुकला. सगळ्यांना पहिलीच हवी होती. शनि पूर्ण वगळून नुसता गुरू आणि मंगळ जाहीर केले असते तर निम्मी घाई संपली असती, आणि सुईसारखं कडं दाखवण्यात फारसं पुण्य नव्हतं. गुरूला आठच्या आत किंवा पावणेदहानंतर ठेवायला हवं होतं आणि मधला तास मंगळाला, जो तेव्हा पूर्वेला सोयीच्या उंचीवर होता. टोकनं आता रंगाने नव्हे, कोपरा कापून वेगळी केली जातात. अंधारात बोटाने चाचपता येतात. खुणा पंचने भोक पाडून. रात्रीसाठी छापलेला प्रत्येक कागद आधी लाल टॉर्चखाली धरून पाहिला जातो.

शौचालयाची सोय शेवटपर्यंत झाली नाही. गावातल्या शाळेत थांबून वर या, असं सांगितलं होतं. चार तासांच्या कार्यक्रमात हे चालत नाही, आणि बायका-मुलींना तर मुळीच नाही. याबाबत मंडळाकडे अजून चांगलं उत्तर नाही; कार्यक्रम दोन तासांचा करणं हे सध्याचं उत्तर आहे.

पुढचा जाहीर कार्यक्रम मंडळाने शनिवार, १३ डिसेंबर २०२५ चा धरला, मिथुनेतल्या उल्कावर्षावासाठी. कृष्ण नवमी: भरती पावणेसातला, चंद्र मध्यरात्रीनंतर दीड-दोनला. जागा तोच सडा, वेळ साडेनऊ ते साडेअकरा, माणसं दीडशे, अंथरायला ताडपत्र्या, आणि दुर्बीण एकही नाही.